नेटचा बॉक्स काकूंच्या घरात

मंडळी, आज डोकं नुसतं भणभणतंय. मस्कतला असलेल्या दादाचं उद्या ऑपरेशन. दुपारी आई वेबकॅमसमोर बसली, दादा दिसला आणि तेवढ्यात नेट गेलं.

केबलवाला फोनवर म्हणाला, “तुमच्या लाइनचा बॉक्स शेजारच्या कांबळे काकूंकडे आहे, बघा.” त्यांच्या दाराला कुलूप!

काकू संध्याकाळी आल्या. बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची त्यांची सवय, त्यात बॉक्सचंही गेलं. तोवर दादा ॲडमिट झाला होता.

“अगं, त्याच्यासाठीच विहारात वंदनेला गेले होते गं,” काकू रडवेल्या झाल्या. लगेच आत जाऊन त्यांनी बॉक्सचं बटण लावलं.

म्हणे पुढे बँक, शाळा, डॉक्टर सगळं नेटवर येणार. आमच्या अंबरनाथमध्ये ते कोणाच्या बटणावर चालणार?

आई अजून पीसीसमोरून उठलेली नाही.