झोपाळ्याची कुरकुर

आमचे हे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले, पण हात काही रिटायर होईनात. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तर पानं वाढलेली आणि हे मोरीच्या नळाशी खटपट करतायत! माणूस सोन्यासारखा, पण स्वस्थ बसणं ठाऊक नाही. माझ्याशेजारी तर नाहीच नाही.

सून मनालीने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला नदीकाठचा जुना दगडी बंगला दोन दिवसांसाठी बुक केला, तेव्हा मी एकच ठरवलं. व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर यांना शेजारी बसवायचं आणि नदी बघत निवांत चहा प्यायचा. बस्स. निघताना यांच्या बॅगेतून पाना, पक्कड सगळं काढून ठेवलं. तेलाची कुपी चष्म्याच्या घरात दडवलीय, हे मला काय माहीत!

बंगला मालकीणबाई मंजुषाताईंनी फार जिवापाड नीट करून घेतलाय. झोपाळ्याला हात लावून म्हणाल्या, "पणजोबांच्या वेळचा आहे. मुद्दाम तसाच ठेवलाय. परवाचे पाहुणे तर ही कुरकुर ऐकायलाच येतायत." हे तेव्हा गीझर तपासत होते.

सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर हे झोपाळ्याजवळ खुशीत उभे. "बघ, मालन! आवाज एकदम बंद."

मंजुषाताई धावत आल्या. झोका देऊन पाहिला आणि चेहराच उतरला. "अहो धोंडीरामकाका, हे काय केलंत!"

"रॉकेलने पुसून देतो," हे ओशाळून म्हणाले.

"नको, नको! आता हात लावू नका."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जाल तिथं उद्योग!" म्हणत कुपी हिसकावून पर्समध्ये टाकली. चहा गार झाला तो झालाच.

यांनी पाटाजवळची कडी निरखली. "झोके घेत राहिलं की तेल उतरेल," म्हणाले आणि बसले. मग माझ्याकडे बघून, "एकट्याचं वजन पुरायचं नाही. तू पण ये."

वजनाचं एरवी कुणी बोललं असतं तर सोडलं नसतं. मुकाट्याने बसले.

आधी यांचं सगळं लक्ष कडीकडे. मग हळूहळू नदीकडे गेलं. खंड्याने मासा उचलला तसे खुदकन हसले. जन्मभर विमानं जोडली, बसलो एकातही नाही, म्हणाले. आणि मध्येच, "गुडघा कसाय गं तुझा?" कधी विचारलं नव्हतं हो! डोळे भरून आले माझे. चहाही झाला, गरम.

दुपारी कडी बोलली. कुर्रर्र!

"आला आवाज! झालं काम," म्हणत हे टुणकन उठले. "हात धुतो आणि ते फाटक जरा बघतो."

हे आत गेले. मी पर्समधून कुपी काढली आणि कडीत दोन थेंब सोडले. मंजुषाताईंनी खिडकीतून पाहिलं. मी हात जोडले. त्या हसल्या आणि पुन्हा चहाचं आधण ठेवायला गेल्या. पाहुणे उद्याच तर येणार होते.

हे परत आले, जाता जाता झोका दिला आणि थबकले. "अरेच्चा! परत बंद?"

"वजन कमी पडलं असेल," मी म्हटलं. "बसा."