निळ्या सावलीमागचा दाणा

अंगात येणे, दृष्टांत होणे या गोष्टी मी आयुष्यभर मोडीत काढल्या. धुळ्याच्या कचेरीसमोर अर्ज लिहिणारा माणूस पुराव्यावाचून बोलत नाही. तरीही पुढील हकीकत मी पूर्ण शुद्धीवर असता घडली, हे प्रथमच नमूद करतो.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मला शौचावाटे रक्त जाऊ लागले. वडील याच दुखण्याने गेलेले. जळगावच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीने मोठे आतडे तपासायचे ठरविले.

जाण्यापूर्वी गावी गेलो. श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी थोरल्या वहिनी गहू निवडीत होत्या. घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ. माझ्या नावाची मूठ घेताना त्या थबकल्या... डोळे सुपावरच.

"नाना, तिकोनी बोळ शे. पुढे निळी सावली शे. तिना मांगे एक दाना दपेल शे. तो काढाले सांगजो."

सावलीमागे दडलेला दाणा! मी हसलो. "वहिनी, डॉक्टर तुम्ही की ते?"

"बठ्ठासना अर्ज तू लिखस, आज तुना मी लिखस!" सगळ्यांचे अर्ज मी लिहितो; माझा त्या दिवशी त्यांनी लिहिला.

दोन दिवस पेज, मग एरंडेल, एनिमा — ती शोभा सांगत नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांसाठी दुर्बिणीला जोडलेल्या दुसऱ्या, बघायच्या नळीतून मलाही पाहू दिले. माझ्याच पोटात उजेड! ओली, गुलाबी, चकाकणारी वाट... आणि ती चक्क तिकोनी! मी श्वास रोखला. पुढे वळणावर निळसर सावली.

"ते यकृत. भिंतीतून दिसतं," डॉक्टर म्हणाले. नळी पार शेवटपर्यंत जाऊन परत निघाली. "सगळं स्वच्छ आहे, भाऊ."

"साहेब, त्या निळ्या सावलीच्या मागे पाहावे, ही नम्र विनंती."

"पाहिलं की हो!"

"पुन्हा एकदा."

ते कुरकुरत मागे वळले. एक घडी बाजूला सारली. तिच्या आड गव्हाच्या दाण्याएवढी काळपट गाठ!

गाठ काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "राहिली असती तर पुढे जिवावर बेतलं असतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वहिनींनी."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही. गहू निवडतात."

गावी परतताच वहिनींचे पाय धरले. त्या गोंधळल्या. "येडा व्हयना का, नाना? मी काय बोलनू?"

त्यांना एक अक्षरही आठवत नव्हते. आजही आठवत नाही. दरवर्षी माझ्या नावाची मूठ घेताना मात्र मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो. मूठ सुपात पडते, त्या पुढच्या नावाकडे वळतात... मग मी श्वास सोडतो.