महिनाभर सरळ चालणारी चेन

माझा नवरा घरी कधी येणार हे गेली अठरा वर्षं एकाच गोष्टीनं ठरवलं आहे, आणि ती गोष्ट मी नाही. ती म्हणजे लाकूड कापायच्या मशीनची चेन.

हे झाडं कापतात. वादळानं पाडलेली, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर वाळून गेलेली, घराच्या छपरावर झुकलेली. ढाणकीजवळच्या आमच्या तांड्यातून मोटारसायकलच्या मागे मशीन बांधून निघतात ते जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मुकुटबनच्या बाजूला. तिकडे कामं पुष्कळ आणि मशीनवाले कमी. रोज सकाळी कामाला लागण्याआधी चेनच्या दातांवर स्वतःच कानस फिरवतात. पण यांचा उजवा हात दांडगा. एका बाजूचे दात जास्त घासले जातात, दुसऱ्या बाजूचे कमी. पंधरा दिवसांत एक बाजू आखूड होते आणि चेन खोडात सरळ जायचं सोडून बाजूला ओढ घेते, नांगराला जुंपलेल्या हट्टी बैलासारखी. मग हे घरी येतात, कारण सगळे दात पुन्हा एका मापात आणणारा हात घरी आहे.

तो हात माझा. मी हे काम कुठं शिकले नाही. आधी चेन गावातल्या दुकानात जायची. तिथे इलेक्ट्रिकच्या चक्कीवर दात घासून द्यायचे, आणि ते तापून निळे पडायचे. निळा पडलेला दात दोन दिवसांत मऊ होतो. एकदा अशी निळी चेन यांनी चिडून अंगणात फेकली. मी ती उचलली, गोल कानस घेतली आणि बसले. माझी याडी, म्हणजे आई, चोळीसारख्या कांचळीवर आरसे टाचायची आणि मला शेजारी बसवायची. एक टाका लांब झाला तरी उसवायला लावायची. चेनचे दात म्हणजे तरी काय, लोखंडाचे टाके. एक दात डावा, एक उजवा. प्रत्येकाला कानसेचे तीन हात, पुढे जाताना दाबून, मागे येताना उचलून. संध्याकाळी यांनी मशीन लावली, तर पिठासारखा भुसा न पडता लांब लांब कीस उडाला. हे काही बोलले नाहीत. दुकानात जायचं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

न बोलणं हा यांचा मोठा गुण आहे. फोनवर आमचं बोलणं असं होतं:

"जेवले काय?"

"हाव."

"काय जेवले?"

"जेवन."

म्हणून मी चेन वाचायला शिकले. रॉकेलच्या फडक्यानं पुसण्याआधी तिचा वास घ्यायचा. कडू वास आला म्हणजे कडुलिंब होता. लाल, चिकट डिंक दिसला म्हणजे बाभूळ. सलग तीन दातांची टोकं उडालेली असली म्हणजे खोडात कुंपणाची तार निघाली होती आणि हे दिवसभर चिडलेले होते. पांढुरकी माती म्हणजे चुनखडीच्या रानात काम झालं. पंधरा दिवसांत फोनवर जे सांगितलं नाही ते सगळं त्या चेनवर असायचं. सासूबाई म्हणायच्या, "लोकाईच्या बायका कपडे हुंगतात, आमची सून लोखंड हुंगते."

आता माझ्या पापाकडे येते. मागच्या पावसाळ्यानंतर कामं वाढली, पंधराचे वीस दिवस झाले. घर भरलेलं होतं, सासूबाई होत्या, शेजार होता, तरी दुपारी ताटावर बसलं की समोरची जागा मोठी वाटायची. यांच्या खिशातून पडणाऱ्या भुशाचा मला किती वैताग यायचा. आता अंगण स्वच्छ असायचं, आणि त्या स्वच्छतेचाच राग यायचा. तर एकदा चेनला धार लावताना मी उजवीकडच्या दातांना तीनऐवजी सहा हात मारले. हिशेब सोपा होता. पंधरा दिवसांत वाकडी होणारी चेन चार दिवसांत वाकडी होईल.

झाली तिसऱ्याच दिवशी. जमिनीवर पडलेलं कडुलिंबाचं जाडजूड खोड होतं. काप आत जाऊन वळला आणि चेन जिच्यावर फिरते ती मशीनची पट्टी त्यात चिमटून बसली. फोनवर हे नेहमीपेक्षा चौपट बोलले.

"पट्टी अडकली होती. कुऱ्हाडीनं खोड फोडून काढली. वाकली थोडी."

"तुम्हाले लागलं काय?"

"नाही. ते खोड खाली पडलेलं होतं म्हणून बरं."

उभं झाड असतं तर, हे त्यांनी म्हटलं नाही. मी ते रात्रंदिवस स्वतःलाच म्हणत राहिले. आणि वर यांनी आणखी एक वाक्य टाकलं: "चेनच हलकी निघाली. तुह्या हातात खोट नाही."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या हलक्या चेनवर उपाय म्हणून हे यवतमाळला गेले आणि चांगल्या पोलादाची, महागाची चेन घेऊन घरी आले. ओसरीवर ती हातात धरून सासूबाईंना दाखवली, जशी काही नवी सून आणली. "महिनाभर सरळ चालते. कानस लावायचं काम नाही," असं शेजारच्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. दुसऱ्या दिवशी निघून गेले. माझ्या चांगल्या सहा हातांनी नवऱ्याला पंधरा दिवस आणखी लांब पाठवलं होतं.

त्या चेनची तक्रार करायला जागा नव्हती. दिवस गेले आणि ती सरळच चालली. कानस फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली होती. मी ती दोनदा काढून पाहिली, तिला गंज चढेल म्हणून तेल लावलं, पुन्हा ठेवली. फोनवर मी विचारायचे, "चेन कशी हाये?" पलीकडून उत्तर यायचं, "मस्त." मी म्हणायचे, "बरं झालं." तांड्याजवळ कुठेही मशीनचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दारात यायचे, आणि मग आठवायचं की ही दुसऱ्याची मशीन आहे, हिचा आवाज जरा बसका आहे.

अठराव्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरत होतं. आमच्या हरभऱ्याच्या बाजूनं मशीनचा आवाज आला, जेमतेम अर्धं मिनिट, आणि थांबला. बसका नव्हता. मी दारात गेले. थोड्या वेळानं मोटारसायकल आली.

"चेन बोथट झाली," हे उतरण्याआधीच म्हणाले.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "महिनाभर चालते म्हणून राह्यला होता ना? गावभर सांगतलं."

"तिकडची जमीन दगडाची हाये, माय."

"झाडं कापायले गेलता का जमीन?"

मी मशीनची चेन उतरवली आणि सवयीनं नाकाजवळ नेली. सगळे दात सारखेच गोल झालेले, एकही सुटला नव्हता. खिळ्यानं किंवा तारेनं असं होत नाही. फिरती चेन मातीत घातली की क्षणात असं होतं, आणि अठरा वर्षं मशीन धरलेला माणूस ती झोपेतही मातीला लावत नाही. माती काळी होती. ओली होती. एका दातात हरभऱ्याचं कोवळं पान अडकलं होतं.

मी ते पान काढून यांच्यासमोर पायरीवर ठेवलं.

"मुकुटबनले हरभरा चांगला आला काय यंदा?"

"आला ना. काहून?"

"काही नाही. आपल्या हरभऱ्याले आज सकाळीच पाणी देल्लं मी. धुऱ्यावर नुसता गारा-चिखल झाला."

यांनी आपल्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग उठले, मोटारसायकलची पेटी उघडली आणि एक चेन काढून माझ्या मांडीवर ठेवली. ती जुनी, हलकी ठरलेली चेन होती. मला वाटलं होतं, ती कधीच फेकली असेल.

"हे बी लावून दे," हे म्हणाले. "उजवे दात आखूड हायेत."

"कवा पाह्यलं?"

"काल. जेवाच्या टायमाले पेटीत हात गेला, हाती आली. मोजले सगळे दात. असं पुन्हा नको करू. उभ्या झाडात अडकली असती तर."

"नाही करत."

"मले वाटलं, मी घरी येण्याची तुले घाई झाली असन. म्हणून आलो."

"मग या चेनले माती कायले लावली?"

यांनी ओसरीवर बसलेल्या आईकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "महिनाभर चालते म्हणून बसलो होतो ना गावभर."

सासूबाई सुपातली डाळ पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचं सूप थांबलं होतं.

मी कानस घेतली. मातीनं गोल झालेले दात उजळायला मला फार तर एक तास लागतो. "किती येळ लागन?" यांनी विचारलं. मी चेन उजेडात धरली, डॉक्टर एक्स-रे धरतो तशी, आणि म्हटलं, "लय आत गेली हाये माती. परवापर्यंत."

"हाव," हे म्हणाले. फोनवर ऐकू येतो तोच हाव. या वेळी त्याच्यासोबत तोंडही दिसत होतं.

परवाच्या दिवशी दोन्ही चेन तयार होत्या. दोन्ही अगदी सरळ, प्रत्येक दाताला मोजून तीन हात, कुठे लबाडी नाही. इतकं इमानदारीचं काम माझ्या हातून कधी झालं नसेल, आणि इतकं जड मनानंही. हे निघताना मी अंगणातच उभी होते. यांनी नवी, महागाची चेन फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली आणि मशीनवर जुनी चढवली. मी पाहते आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पट्टीवर तिचा ताण बोटानं तपासला, पेटीचं झाकण लावलं आणि गेले.

जुनी चेन यांच्या हातात पंधरा दिवस सरळ चालते. आज बारावा दिवस आहे. कानस मी काल पुसून ठेवली.