रेघवाले नाना आणि जर्मेनियमची जोडी

अर्जदार: प्रस्तुत लेखक, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, गंगाखेड. विषय: रेघवाले नाना, रेडिओ दुरुस्तीकार, बसस्थानकामागील दुकान. तारीख: गेल्या उन्हाळ्यातील एक बाजाराचा दिवस. साक्षीदार: अर्जदार स्वतः, दुसरे कोणी हजर नव्हते.

नानांचे वैशिष्ट्य असे, की ते आवाज डोळ्यांनी पाहत. बंद पडलेल्या एका तांत्रिक शाळेच्या लिलावात त्यांनी जुना ऑसिलोस्कोप घेतला होता. दुरुस्तीचा रेडिओ त्यास जोडला, की वाटोळ्या काचेवर हिरवी रेघ नाचू लागे. “कान खुशामत करतो वकीलसाहेब, रेघ न्हाई करत,” असे ते मला म्हणत. मी वकील नाही. परंतु कचेरीतील कित्येक वकिलांचे मसुदे माझ्या हातचे असल्याने ती उपाधी मी कधी नाकारली नाही.

पुढे त्या यंत्रातील दोन ट्रान्झिस्टर गेले आणि रेघ नाहीशी झाली. ते जर्मेनियमचे, एकमेकांशी जुळणारी जोडी. तसे आता बाजारात येत नाहीत. सिलिकॉनचे सर्वत्र मिळतात, तेच बसवावेत, असे मी सुचविले. नाना उसळले, “बैलाच्या जुवाला घोडी जुपता का? त्येंची मानच येगळी!” हैदराबादहून मागविलेली जोडी नकली निघाली, जुना क्रमांक घासून वर नवा छापलेला. मग ते ट्रान्झिस्टर बनविणाऱ्या मूळ कारखान्यास मी सविस्तर विनंतीअर्ज धाडला. कारखाना अस्तित्वात नाही, अशा शेऱ्यासह तो परत आला.

घाईचे कारण निराळे होते. साखरेच्या आजाराने नानांची नजर जात चालली होती. परभणीच्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका, म्हणून स्पष्ट सांगितले होते. नाना मात्र “आजकालचे बल्बच मंद हायेत” म्हणून विषय उडवीत. अंधार होण्यापूर्वी ती रेघ एकदा पाहावी, एवढीच त्यांची मागणी होती.

अखेर पोखर्णीच्या एका गुरवाच्या माळ्यावर मुका पडलेला रेडिओ सापडला. त्यात हुबेहूब तीच जोडी होती. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, नानांनी बोटांनी चाचपत ती यंत्रात बसविली, बटण दाबले आणि काचेला नाक लावले.

रेघ आली. हिरवी, सरळ, मधोमध.

“काय न्हाई की,” नाना म्हणाले.

“आली नाना! तुमच्या नाकासमोर आहे.”

ते पाहत राहिले. मग हसले. “वकीलसाहेब, न पडलेला पाऊस तुमी पंचनाम्यात पाडता. हितं नका पाडू.”

“शपथेवर सांगतो.”

“शपथा तर तुमी रोजच लिव्हता. ह्येबी नकलीच निघाले, दुसरं काय!”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झिडकारला. जोडी बाहेर काढली आणि दुसऱ्या मेकॅनिकची फसवणूक होऊ नये, म्हणून कटरने तिचे पाय मुळापासून छाटले.

आता नाना जिंतूरला लेकीकडे असतात. दिसणे पूर्ण थांबले आहे. कोणी विषय काढला तर म्हणतात, “डोळा व्हता तवर जोडी घावलीच न्हाई.”

सबब विनंती की, जोडी अस्सल होती हे त्यांना सांगावे किंवा कसे, याबाबत जाणत्या वाचकांनी लेखी अभिप्राय द्यावा. सांगावयाचे ठरल्यास सांगणारा माणूसही सुचवावा. माझा शब्द तेथे ग्राह्य धरला जात नाही.