अठरा दिवस चाललेली मोटर

सौंसरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायचं आणि मोटर परत धाडायची, हे काम मी तीसेक वर्षं करतो आहे. आता एका कानाने नीट ऐकू येत नाही आणि खाली बसलो की उठताना कशाचा तरी आधार लागतो. हे सांगतो ते दोन हिवाळ्यांपूर्वीचं.

पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधली पन्नास हॉर्सपॉवरची मोटर माझ्याकडे आली होती. पिकअपमध्ये घालून आणली, दुकानासमोर उतरवली. मी ती भरून दिली. अठरा दिवसांनी सकाळी शेठचा फोन आला. शेठ माझ्या मुलाच्या वयाचा. बाप गेल्यापासून जिनिंग तोच पाहतो.

"काकाजी, मोटर गेली."

"कोणती?"

"तुमीच भरली थे."

मी चहा तसाच ठेवला आणि निघालो. शनिवार होता. जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, बस रखडत रखडत गेली. सगळ्या वाटेत मी वार्निश नीट वाळलं होतं का, तार हलकी तर लागली नव्हती ना, हेच उगाळत बसलो. खरं म्हणजे काय झालं असावं ते मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आत सगळं थंड. एरवी तिथे शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. आज हमाल रुईच्या ढिगाला टेकून बसले होते आणि मी आत जाताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शेठ म्हणाला, "कशी भरली काकाजी? अठरा दिवस नाही टिकली. बाबाच्या टाइमाले तुमची मोटर पाच पाच वर्षं चाले."

"पाहू द्या आधी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जिनिंगचा मिस्त्री मोटरीजवळ उभा होता. हा माणूस माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. तरुणपणी आम्ही दोघं नागपूरला एकाच उस्तादाकडे शिकलो, एकाच खोलीत राहिलो. पुढे मी दुकान टाकलं आणि तो या जिनिंगला लागला. एरवी मी आलो की तो आधी तंबाखूची डबी पुढे करायचा. त्या दिवशी त्याने नुसता पाना दिला.

दोघांनी मिळून मोटरीची झाकणं उघडली. जळक्या वार्निशचा वास आला. आत तारेचे गठ्ठे गोलाकार बसवलेले असतात. त्यातले काही कोळशासारखे काळे आणि काही मी दिले होते तसेच पिवळे, कोरे. काळे, कोरे, कोरे, पुन्हा काळे. मी पाहत राहिलो.

मोटरीला तीन तारांनी वीज येते. त्यातली एक तार कुठे सुटली तरी मोटर उरलेल्या दोन्हींवर ओढत राहते, आणि मग आतला एक ठरावीक हिस्साच जळतो. माझी भरणी खराब असती तर एका जागी भोक पडलं असतं. हे असं, मोजून दिल्यासारखं जळणं म्हणजे दोष बाहेर होता.

पण मला दिलासा वाटला नाही. पहिल्या वेळी मोटर दुकानात आली तेव्हाही ती अशीच जळालेली होती. मी पाहिलं होतं. पांढुर्ण्याला जाऊन स्टार्टर तपासायला पाहिजे, असं मनात आलंही होतं. पण त्या आठवड्यात दुकानात सात मोटरी पडलेल्या, पाठ धरलेली, आणि मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. दुसरं काही कारण नाही. तार काढली, नवी भरली, पाठवून दिली.

"स्टार्टर उघडतो," मी मिस्त्रीला म्हटलं.

"त्यात काही नाही भाऊ. मी पाह्यलं."

"तरी पाहतो."

स्टार्टरच्या पेटीत एक रिले असतो. मोटर जास्त करंट ओढायला लागली की तो तिला बंद पाडतो. तिला जळू न देणं एवढंच त्याचं काम. मेन बंद केला, पेटी उघडली, चष्मा लावला. रिलेच्या दोन टोकांमध्ये बोटभर लांबीची तांब्याची तार जोडलेली होती. म्हणजे रिले पेटीत होता, पण मोटर बंद पाडायची त्याची ताकद काढून घेतलेली होती.

मी वळून पाहिलं. मिस्त्री माझ्या मागेच उभा होता.

"कवाची हाय हे?"

त्याने पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिवाळीपासून."

"काऊन?"

"दिवसातून वीस बार ट्रिप होये भाऊ. बंद पडली का मशिनीत कापूस अडके, तो हातानं काढा लागे. बाहेर गाड्यावाले बोंबलून राहिले, आत शेठ माह्या नावानं ओरडून राहिला. मी म्हटलं आजच्या दिवस चालवून घेऊ, उद्या पाहू." त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मंग तो उद्या काही आलाच नाही."

मला रागावायचं होतं. जमलं नाही. त्याचे डोळे रुईच्या धुळीने लाल झालेले, आणि मी स्वतःही हेच केलं होतं, फक्त दुकानात बसून.

रिले वीस वेळा खरं सांगत होता, तर दोष स्टार्टरच्या आधी कुठेतरी असणार. आम्ही भिंतीवरचा मेन स्विच धरला. पाठीमागून सप्लाय बंद केला, टेस्टरने तीन तीन वेळा खात्री केली आणि पाती हाताने हलवून पाहिली. दोन घट्ट होती. तिसरं पातं पकडीत सैल, नुसत्या बोटाने हलत होतं. तिथलं तांबं जांभळट काळं पडलेलं. मशीन चालली की भिंत थरथरते, त्या थरथरीत हे पातं मधूनमधून संपर्क सोडत असणार. चार बोटांएवढ्या जागेतला दोष. त्यापायी एवढी मोटर दोनदा जळाली.

मोटर पुन्हा सौंसरला आणली. तीन दिवस भरत होतो. मोटरीच्या खाचांत तार घालण्याआधी कागद बसवावा लागतो. तो माझी बायको कापून देते, लग्नापासून देते. मापाचा तिचा हात माझ्याहून चांगला. कागद कापता कापता तिने विचारलं, "मंग कोणाची चुकी होती?"

मी सगळं सांगितलं. मिस्त्रीची तार सांगितली, आणि मी पहिल्या वेळीच ओळखलं होतं, तेही.

"शेठले सांगतलं?"

"नाही अजून."

"काय सांगसान?"

"स्विच खराब होता म्हणीन. खोटं नाही थे."

तिने कात्री खाली ठेवली नाही. "अन् मिस्त्री अजून कुठं अशीच तार लावून बसला असन तर? उद्या रुईले आग लागली तर?"

मी तार ओढत राहिलो.

चौथ्या दिवशी मोटर बसवली. स्विच नवा लावला होता. मोटर भारावर घेतली, टंग टेस्टरने तिन्ही तारांचा करंट पाहिला, जवळपास सारखा निघाला. रिलेचं टेस्टचं बटण दाबलं, मोटर थांबली. पुन्हा चालू केली. शेठ येऊन उभा राहिला. "काय होतं काकाजी?"

मी म्हटलं, "मेन स्विचची एक फेज ढिली होती. आणि पहिल्या बारीच मले शक आला होता. मी येऊन पाहाले पाहिजे होतं, आलो नाही."

पुढचं कसं बोलावं ते मी जुळवत होतो. तेवढ्यात मिस्त्रीच पुढे आला. आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला ओरडूनच बोलावं लागलं. "शेठ, रिले मी बांधला होता. तार टाकून. अजून दोन मोटरीले हाय, त्याही आज काढतो."

शेठने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा लाल झाला, पण शिवी दिली नाही. "काढा आताच," एवढं म्हणून तो ऑफिसात गेला. आम्ही दोघांनी त्या तारा काढल्या. मिस्त्रीने त्या खिशात घातल्या. मग डबी पुढे केली आणि आम्ही तंबाखू मळत फाटकापर्यंत आलो.

त्या हंगामात मोटर पुन्हा बिघडली नाही. पण पुढच्या हंगामाला जिनिंगने मिस्त्रीला बोलावलं नाही, नवा माणूस ठेवला. हे कळलं तेव्हा मला आठ दिवस बरं वाटलं नाही. बायको म्हणाली, "थो स्वतः बोलला, तुमी नाही." खरं होतं, पण मी आधी तोंड उघडलं म्हणून तो बोलला, हेही खरं होतं.

आता मी कोणाचीही मोटर तिथला स्विच आणि स्टार्टर पाहिल्याशिवाय भरत नाही. बोरगावला जावं लागो की पांढुर्ण्याला, आधी जाऊन येतो. काही गिऱ्हाइकांना हे जमत नाही, ती दुसरीकडे जातात. काम कमी झालं आहे आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटतं.

यंदा संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत मिस्त्री पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर भेटला. जावयाच्या बगीच्यात राखणीला राहतो म्हणाला. मी विचारलं, "रागावला तर नाही ना?"

"काय म्हणतं?" त्याने कान पुढे केला. त्यालाही आता कमीच ऐकू येतं.

मी मोठ्याने पुन्हा विचारलं. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं.

"नाही रे भाऊ," तो म्हणाला. "तिथं झाडं ट्रिप होत नाही." मग सौंसरची बस लागली आणि त्याने माझी पिशवी वर चढवून दिली.