ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं

घाटनांदूरला लग्न होऊन आले तेव्हा मला तंबाखूतलं काही कळत नव्हतं, आणि तसंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. सासऱ्यांचं बाजारपेठेत गुडाखूचं दुकान होतं. गुडाखू म्हणजे चिलमीत भरायची, काकवीत मळलेली तंबाखू. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक अंधारी खोली. त्या खोलीत तोंडं बांधलेली मडकी भिंतीला लावून ठेवलेली असायची आणि त्यांत माल मुरत असायचा. पाहुण्याला आधी त्या खोलीचा वास भेटायचा, मग घरातली माणसं.

नवरा बीडला दूध संघात कारकून होता. लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं की तो तिकडं खोली बघेल आणि दिवाळी झाली की मला घेऊन जाईल. म्हणून मी माहेरची ट्रंक पुरती उघडलीच नव्हती. वरच्या दोन साड्या काढल्या होत्या, तेवढ्याच आलटून पालटून नेसायचे.

दिवाळीच्या तोंडावर सासऱ्यांनी एक मडकं उघडलं. चिमूटभर माल नाकाशी नेला, माझ्याकडं बघितलं आणि सहज विचारलं, "कसा हाय गं पोरी?" शहाणी सून अशा वेळी "चांगला हाय मामा" म्हणते आणि भाकरी थापायला जाते. मी वास घेतला आणि म्हणाले, "कच्चा हाय मामा. काकवीचा वास येगळा येतोय, तंबाखूचा येगळा." सासूबाईंचा पिठातला हात थांबला. सासरे मात्र रागावले नाहीत. त्यांनी मडक्यावर फडकं टाकलं, दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बांध मग. मुरू दे अजून."

मी आपली घट्ट गाठ मारली, वरून ओल्या मातीचा लेप दिला. दिवाळीनंतर नवरा न्यायला आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आत्ता कशी येईल ती? तिच्या हातचं मडकं हाय आत." मग मला कळलं. त्या घरात रीतच होती, ज्यानं मडक्याचं तोंड बांधलं त्यानंच ते सोडायचं. हात बदलला की माल रुसतो, म्हणे. मडकं रुसू नये म्हणून बायकोला ठेवून नवरा रिकाम्या हातानं बीडला गेला. मला त्या रीतीचा संताप आला, पण एकाच मडक्याचा प्रश्न आहे असं तेव्हा वाटलं होतं.

मडकी एकेक करून बांधली जात नसत. एक उघडायला यायचं, तोवर दुसरी दोन बांधलेली असायची. आणि आता प्रत्येक वेळी दोरी माझ्याच हातात यायची. नवरा सणासुदीला यष्टीनं यायचा आणि हसत म्हणायचा, "तुजं लगीन माज्याशी लागलंय का मडक्याशी?" पहिल्यांदा मीही हसले.

दोरी माझ्याच हातात का येते, ते कळलं चुलीपाशी. सासूबाई पाण्याला गेल्या होत्या, मी अंगणात होते. सासरे चुलीच्या शेजारी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला. मी धावत आत आले तर ते शांतपणे सुपारीच कातरत होते. माझ्याकडं बघितलं, मग दुधाकडं बघितलं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "दोन वर्सं झाली. कशाचाबी वास येत न्हाई. उदबत्ती न्हाई, भाकर न्हाई." अडकित्ता खाली ठेवला. "पोराला सांगू नको. गिऱ्हाईकाला कळलं तर कोण येईल?"

सांगू नको म्हणाले, आणि मी सांगितलं नाही. तिथं माझ्या दाराला कडी लागली. नवऱ्याला वाटायचं मला इथंच करमतंय. त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं मला त्याच दिवशी नेलं असतं, किंवा दुकान बंद करायला लावलं असतं. म्हाताऱ्याला त्या दुकानापलीकडं दुसरं काही नव्हतं.

राग होता तरी कामात जीव रमायचा, हे कबूल करायला मला आजही जड जातं. निपाणीकडून दोन जातींचं पान यायचं. एक कडक, ते छातीत लाथ मारायचं. दुसरं नरम, ते नुसतं सावकाश जळायचं. नुसत्या कडकानं माणूस खोकून खोकून बेजार व्हायचा, नुसत्या नरमाला गिऱ्हाईक शिव्या द्यायचं. दोन्ही कुटून काकवीत मळायची, त्यात पिकलेलं केळं कुस्करायचं. पण मळून झालं म्हणजे झालं असं नाही. ताजा माल म्हणजे एका खोलीत कोंडलेल्या सासू-सुना. प्रत्येकीचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि त्यात नवी सगळ्यात जास्त बोचते. बंद तोंडानं महिनोन् महिने मुरलं की काकवीचा गुळचटपणा जातो, कडक पान नरमतं, आणि कोण कुठलं ते ओळखू येईनासं होतं. सासरे याला "घरात बसला माल" म्हणायचे. ते ऐकलं की माझी नजर ट्रंकेकडं जायची.

मग पाऊस गेला. पुढच्या वर्षीही गेला. गावात टँकर सुरू झाला, सहकारी साखर कारखान्याचं धुराडं त्या साली पेटलंच नाही. ऊसच नाही तर गुऱ्हाळं कुठली आणि काकवी कुठली? ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी जाताना आमच्याकडून गुडाखू बांधून न्यायच्या. त्या साली दसऱ्याआधीच निम्मं गाव कोयते घेऊन पश्चिमेकडं निघून गेलं आणि दुकानात माशा उरल्या. मडकी उघडत गेली, नवं एकही बांधलं गेलं नाही. शेवटी माझ्या हातचं एकच उरलं.

लोक आभाळाकडं बघून हात जोडत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस असंच राहू दे. लाज वाटायची, तरी म्हणायचे. नवऱ्यानं बीडला खोली घेतल्याचं कळवलं होतं. खिडकीतून यष्टी स्टँड दिसतं, म्हणाला. मी ट्रंक झाडून पुसून भरून ठेवली.

तो न्यायला आला त्या दिवशी सकाळीच मी मडकं पुढ्यात घेतलं. पाणी शिंपडून माती सैल केली, गाठ सोडली. एरवी गिऱ्हाइकाच्या घाईनं माल लवकर उघडावा लागायचा. या मडक्याला घाई करायला कोणी उरलंच नव्हतं, म्हणून ते पुरतं मुरलं होतं. आधी काहीच वास आला नाही. मग चिंचेसारखा आंबूस आला, त्यामागून जुन्या गुळाचा, आणि अगदी शेवटी, फार खोलवरून, तंबाखूचा. असा माल त्या घरात आधी झाला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला.

"कसा हाय?" सासऱ्यांनी विचारलं. नवरा दारात उभा होता. बुरा चढलाय, बिघडला, फेकून द्या, एवढं म्हणायचा अवकाश होता. दुकान तिथंच मिटलं असतं. पण त्या मालाला वाईट म्हणायला माझी जीभ उचलेना. "मामा," मी म्हणाले, "असा कदीच झाला न्हवता."

सासरे उठले. माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला, तळाशी काकवी होती. "गेल्या साली लपवून ठिवली हुती. येवढं एक मळून दे आन् जा. तोंड मी बांदतो." मी त्यांच्याकडं बघितलं. तोंड ते बांधणार म्हणजे सोडणारही तेच, आणि आत काय झालंय हे त्यांना कधी कळणार नव्हतं. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं मला सोडलं होतं.

मी मळलं. हात धुतले, पदर सारखा केला. नवऱ्यानं ट्रंक बाहेर नेऊन ओट्यावर ठेवली. सासरे फडकं ताणून दोरी गुंडाळत होते. एक वेढा सुटायचा, ते परत घ्यायचे. कशीबशी गाठ बसली ती इतकी ढिली की वारा आत जाणार, महिन्याभरात बुरा येणार, आणि ते त्याचाही वास न येता तो माल विकायला बसणार. "जा," ते म्हणाले, "यष्टी चुकंल."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. मग परत आले, खाली बसले आणि त्यांच्या हातातून दोरी घेतली. ते नको नको म्हणत होते. बाहेर नवऱ्यानं ते बघितलं आणि तो ट्रंकेवर बसून राहिला. मला त्या दोघांचाही राग आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या बोटांचा. गाठ मात्र पक्की बसली.