करंट आणि चादर

माझा धाकटा भाऊ सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर भरलेल्या बैलबंडीवरून पाठीवर पडला. बैल बिचकले, एवढंच निमित्त. दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, मेहनत केली तर पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर लावून उभा राहील. दवाखाना माझ्या सिंदी मेघेच्या घरापासून जवळ, म्हणून तो, त्याची बायको आणि आमची माय माझ्याकडे राहायला आले.

दवाखान्यात आठवड्यातून तीनदा त्याच्या मांड्यांना ओल्या पट्ट्या बांधून करंट देत. करंट आला की स्नायू आखडायचा आणि गुडघा आपोआप सरळ व्हायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की गुडघा सरळ होईल त्याच क्षणी त्याने स्वतःही जोर लावायचा, आणि घरी तेच करंटशिवाय, दिवसातून तीन वेळा. नुसताच पडून राहिला तर दोन महिन्यांनी मशीन दुसऱ्या पेशंटला.

मायने तो पाय हललेला पाहिला आणि तिच्या लेखी विषय संपला. मी व्यायामाला बसवलं की म्हणायची, "करंट आपलं काम करून राह्यला. तू काऊन छळून राह्यली त्याले?"

त्यात भेटायला येणारे. आमच्याकडे दुखणाइताला भेटायला जाणं कोणी चुकवत नाही. सेलूहून, जामहून माणसं बसने यायची, हातात बिस्किटांचा पुडा. आणि भेटायला माणूस आला की दुखणाइताने आडवंच असलं पाहिजे. तो घामाघूम होऊन पाय मारताना दिसला तर आलेल्याची खेप फुकट गेली. म्हणून दारात चपला वाजल्या की माय त्याला झोपवायची आणि गळ्यापर्यंत चादर ओढायची. तोही निमूट डोळे मिटायचा. मला मायचा राग यायचा, पण त्याचा जास्त. त्याला ते आवडायला लागलं होतं.

महिन्याने बाईंनी त्याच्या मांड्या टेपने मोजल्या. आधीपेक्षा बारीक. घरी काय करता, असं त्यांनी मला विचारलं, त्याला नाही. मी शाळेत मुलींना शिस्त शिकवणारी, मान खाली घालून उभी राहिले.

त्या रविवारी सेलूहून काका आले. भाऊ व्यायाम करत होता, माय चादर घेऊन धावली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि मोरीतल्या बादलीत बुडवली. मग काकांना त्याच्या पायथ्याशी बसायला सांगितलं. टाच धरा, तो ढकलेल, तुम्ही सोडू नका.

"मी भेटाले आलो बाई, मालिश कराले नाई," काका म्हणाले.

"मंग पायालेच भेटा."

भाऊ पुटपुटला, "ताई, लोकांसमोर काऊन?"

"लोकांसमोर झोपता येते तुले. जोर लावाले काय झालं?"

काकांनी टाच धरली. आजवर एक शब्द न बोललेली माझी भावजय भिंतीशी उभी राहून मोठ्याने आकडे मोजू लागली. बातमी सेलूला पोचली असणार, कारण नंतर माणसं कमी झाली. जे आले त्यांनी टाच धरली. माय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात लाइट नव्हती. मशीन बंद. भाऊ लगेच म्हणाला, चला घरी. बाईंनी त्याला कॅलिपर चढवले आणि दोन दांड्यांच्या मध्ये आणलं. तो उभा राहिला. दांड्या घट्ट धरलेल्या, पण उभा होता. भावजयीने तीसपर्यंत मोजलं, मग तो खुर्चीत बसला. बाईंनी वहीत पुढच्या दोन महिन्यांसाठी त्याचं नाव लिहिलं.

संध्याकाळी माय शेजारणीला सांगत होती, "करंटनं उभं केलं माह्या पोराले."

लाइट नव्हती, मी म्हटलं. ती शेजारणीला पुन्हा करंटचंच सांगत राहिली. भावाकडे पाहिलं तर तो खाटेवर आडवा, डोळे मिटलेले, चादर गळ्यापर्यंत.

संध्याकाळचा व्यायाम व्हायचा होता. मी चादर ओढून काढली आणि म्हटलं, ऊठ.